अवघड गरोदरपण ही फक्त बायकांची बाब नाही

आपल्या घरांमध्ये गरोदरपणाबद्दल दोनच वाक्यं मोठ्या आवाजात बोलली जातात. बातमी कळली की "मुबारक हो", आणि बाळ झालं की "मुलगा की मुलगी?" मधले सगळे महिने स्वयंपाकघरात, हळू आवाजात बोलायचे. पुरुष आत आले की विषय बदलायचा. गरोदरपण सुरळीत असेल तर हे चालून जातं. ते अवघड झालं की हाच संकोच जिवावर बेततो. म्हणून हा लेख तरुण मुलींसाठी आहेच, पण त्याहून जास्त तो त्यांच्या नवऱ्यांसाठी, भावांसाठी आणि सासऱ्यांसाठी आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. कोंढव्यात नवरा, सासू-सासरे आणि मी असे एकत्र राहतो. माहेर सोलापूरचं. 2024 मध्ये माझ्या पहिल्या गरोदरपणात, सव्विसाव्या आठवड्यात, नेहमीच्या तपासणीत रक्तदाब 150/96 आला. काही तासांनी पुन्हा मोजला तरी तेवढाच. लघवीत प्रोटीन सापडलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, प्रीएक्लॅम्प्शिया. तोपर्यंत मी हा शब्द ऐकलेला नव्हता. माझ्या सोसायटीत, ऑफिसात, नात्यात मी नंतर विचारलं, तर बहुतेकींनीही ऐकलेला नव्हता.

थोडक्यात सांगते. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर जातो आणि सोबत लघवीतून प्रोटीन जाणं किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर ताण येणं सुरू होतं. याचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असतं. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो, पण आजार उतरू लागतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. रक्तदाब 160/110 च्या वर गेला तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके येणं, बरगड्यांखाली उजवीकडे कळ येणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं ही धोक्याची लक्षणं. दुर्लक्ष झालं तर झटके येतात, त्याला एक्लॅम्प्शिया म्हणतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. आपल्या देशात 2018-20 या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा 33 होता. रक्तस्रावासोबत रक्तदाबाचे हे विकार मातामृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी आहेत.

आजाराची माहिती कुठेही मिळते. मला बोलायचं आहे ते घराबद्दल.

पहिली गोष्ट लपवण्याची. "तीन महिने कोणाला सांगू नकोस, नजर लागते," हे प्रत्येकीने ऐकलेलं असतं. पण आपल्याकडे आनंदाच्या बातमीपेक्षा दुखणं जास्त लपवलं जातं. गेलेलं मूल, पडलेला गर्भ, आलेले झटके यांच्यावर एकदा "अल्लाह की मर्जी" असं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. मर्जी अल्लाहचीच, यात वाद नाही. पण त्याचा अर्थ पुढच्या पिढीला माहिती द्यायची नाही असा कुठे होतो?

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का?" मला जे माहीत होतं त्यानुसार मी "नाही" म्हटलं. माझ्याआधी अम्मीला एक मूल झालं होतं आणि ते गेलं, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. मार्चमध्ये अम्मी सोलापूरहून आली, माझ्या दंडाला पट्टा बांधून नवरा रक्तदाब मोजत होता ते तिने पाहिलं आणि तिने विचारलं, हे कशासाठी. मी लक्षणं सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मला हेच झालं होतं. पाय सुजले होते, डोकं दुखत होतं, मग झटके आले. घरात म्हणाले, साया है. ताविज बांधला, पाणी दम करून आणलं. दवाखान्यात नेलं तेव्हा बाळ गेलेलं होतं."

अम्मीने हे पस्तीस वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. अब्बांनाही नीट माहीत नव्हतं, कारण ते तेव्हा "बाहेर" उभे होते. आईला प्रीएक्लॅम्प्शिया झाला असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. ज्यांना धोका जास्त आहे अशा बायकांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी सुरू करतात. त्याने हा आजार टळण्याची किंवा उशिरा येण्याची शक्यता वाढते. माझ्या फाइलमध्ये ही माहिती नव्हती, म्हणून ती गोळी मला मिळाली नाही. मिळाली असती तर आजार टळलाच असता असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना निर्णय घेता आला असता. यात अम्मीचा दोष मी अजिबात मानत नाही. तिला कोणी आजाराचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. जिला स्वतःलाच "साया" सांगितलं गेलं, ती मुलीला काय सांगणार?

आणखी एक. हा आजार बाळंतपणासोबत पूर्ण संपत नाही. ज्या बाईला तो झाला तिला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो. अम्मी चाळिशीपासून बीपीच्या गोळ्या घेते आहे. आता तिच्या डॉक्टरांच्या कागदांवर हा इतिहास लिहिलेला आहे.

दुसरी गोष्ट रमजानची. 2024 चा रमजान मार्चमध्ये सुरू झाला आणि माझ्या गोळ्या दिवसातून तीन वेळा होत्या. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे, यावर आपल्या मसलकांमध्ये मतभेद नाही. मतभेद आहे तो नंतर कजा करायचा की फिदया द्यायचा, यावर. म्हणजे दीन इथे अडवत नाही. अडवते ती नजर. "हमने तो नौवें महीने में भी रोजे रखे" असं सांगणारी एक तरी खाला प्रत्येक खानदानात असते. मग मुली लपून औषध घेतात, पाणी मोरीत जाऊन पितात, किंवा "एक तरी ठेवते, शब-ए-कद्रचा" असं म्हणून दिवसभर गोळी चुकवतात. यातलं काहीही शरियतने मागितलेलं नाही.

आमच्या घरात हा प्रश्न सासऱ्यांनी सोडवला. ते एसटीत मेकॅनिक होते, बोलणं मोजकं. पहिल्या रोजाच्या दुपारी पाहुणे बसलेले असताना त्यांनी स्वतः गोळी आणि पाण्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बेटा, दोन वाजले." बस एवढंच. त्यानंतर महिनाभर त्या घरात कोणी काही बोललं नाही. मी तरुण मुलांना सांगते ते हेच. घरातल्या मोठ्या पुरुषाने सवलत उघडपणे मान्य केली की बाईला सफाई देत बसावं लागत नाही. हे काम खुतब्यातूनही व्हायला हवं. रमजानच्या आधीच्या जुम्याला इमामसाहेबांनी पाच मिनिटं आजारी आणि गरोदर बायकांच्या सवलतीवर बोललं, तर कितीतरी घरांतला ताण उतरेल.

तिसरी गोष्ट माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्यातही तितकीच पक्की आहे जितकी शेजारच्या हिंदू घरात. तिच्यामागे शहाणपणही आहे, मुलीला आईजवळ विश्रांती मिळते. पण माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बाळ वेळेआधी होण्याची शक्यता आहे, तेव्हा नवजात अतिदक्षता विभाग जवळ असलेलं, तुमची फाइल जिथे आहे ते हॉस्पिटल सोडू नका. मग अडचण आली ती मानाची. अम्मीला वाटलं, लोक म्हणतील मुलीला आणलं नाही. सासूबाईंना वाटलं, लोक म्हणतील सुनेला जाऊ दिलं नाही. आणि अम्मीने इकडे यावं म्हटलं तर, "मुलीच्या सासरी दोन-दोन महिने राहायचं कसं?"

शेवटी सासूबाईंनीच फोन केला आणि म्हणाल्या, "तुम्ही मेहमान म्हणून येऊ नका, मला एकटीला जमणार नाही म्हणून या." अम्मी आली. दोघींनी स्वयंपाकघर वाटून घेतलं. रोज कुरबुर व्हायची, एकीचं तिखट सोलापुरी आणि दुसरीचं बेताचं. सोलापुरात अब्बा वयाच्या पासष्टाव्या वर्षी भात आणि आमटी करायला शिकले. या सगळ्यात रीत मोडली असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. मुलीला आईजवळ विश्रांती मिळावी हा रीतीचा हेतू होता, तो पुरा झाला.

आता पुरुषांकडे येते. अवघड बाळंतपणात आपल्याकडे पुरुषाला तीन कामं दिलेली असतात. गाडी आणणं, बिल भरणं आणि रक्त लागलं तर माणसं जमवणं. तिन्ही गरजेची आहेत, पण तिन्हींसाठी दवाखान्याच्या दाराबाहेर उभं राहिलं तरी चालतं. नवरा तपासणीला आत येत नाही, कारण "बायकांचा डॉक्टर आहे". मग घरी आल्यावर तो विचारतो, "काय म्हणाले?" आणि घाबरलेली बायको तिला जितकं आठवतं तितकं सांगते.

माझा नवरा प्रत्येक तपासणीत आत बसायचा. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहायचा. कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला थेट निघायचं, हे त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. हॉस्पिटलची बॅग, फाइल, विम्याचं कार्ड दाराजवळच्या खुर्चीवर. हे काही फार मोठं काम नाही. त्याला डिग्री लागत नाही. पण ईदनंतर दोन आठवड्यांनी रात्री माझं डोकं ठणकायला लागलं आणि यंत्रावर 172/112 दिसलं, तेव्हा घरात चर्चा झाली नाही. सासऱ्यांनी दार उघडलं, नवऱ्याने बॅग उचलली, अर्ध्या तासात आम्ही कॅज्युअल्टीत होतो. पस्तीस वर्षांपूर्वी अम्मीच्या घरात ही वेळ "साया की काय" या चर्चेत गेली होती. फरक फक्त दवाखान्याच्या अंतराचा नव्हता.

तेव्हा तेहतीस आठवडे आणि चार दिवस झाले होते. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं, त्याने अंगभर आग होते. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. चौतिसाव्या आठवड्याला सिझेरियन करायचं असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि नात्यातून फोन सुरू झाले. "आठव्यात करू नका. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही."

ही समजूत मी माझ्या हिंदू मैत्रिणींच्या घरीही ऐकली आहे. ती साफ चुकीची आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाची फुप्फुसं, वजन आणि दूध ओढण्याची ताकद वाढवतो. आठव्या महिन्यातल्या बाळाला सातव्यातल्या बाळापेक्षा जास्त संधी असते. पोटात आणखी ठेवायचं की बाहेर काढायचं, हा निर्णय आईच्या आणि बाळाच्या अवस्थेवरून घ्यायचा असतो, महिन्याच्या शुभ-अशुभावरून नाही.

याच वेळी सहीचा प्रश्न येतो. "नवरा कुठे आहे? सही हवी." माझा नवरा हजर होता म्हणून काही अडलं नाही. पण प्रत्येकीचा नवरा हजर नसतो. कोणाचा आखातात असतो, कोणाचा ट्रकवर. म्हणून हे माहीत असू द्या. शुद्धीवर असलेल्या, सज्ञान बाईच्या उपचारासाठी संमती तिची स्वतःची लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सांगितलं की सज्ञान रुग्णाची संमती घेणं शक्य असताना तिच्या आईने दिलेली संमती वैध ठरत नाही. तिथे रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता, तरी आईकडून होकार घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं होतं. घरच्यांना विश्वासात घेणं चांगलंच. पण शेवटचा शब्द तिचा. मी माझ्या फॉर्मवर स्वतः सही केली आणि नवऱ्याने साक्षीदाराच्या जागी.

मुलगी झाली. वजन 1 किलो 850 ग्रॅम. तेरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. तिच्या कानात अजान दिली ती नवऱ्याने, अंगात निळा गाऊन आणि तोंडाला मास्क लावून, शेजारच्या बाळांची झोपमोड होणार नाही इतक्या हळू आवाजात. मी उठण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून कांगारू केअर त्यानेच सुरू केली. उघड्या छातीवर बाळाला ठेवायचं, वरून चादर, आणि तास-दोन तास हलायचं नाही. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत 1970 च्या दशकात कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. आईला शक्य नसेल तर बापाची छातीही चालते. विभागात दुसरे दोन बाप होते, ते काचेपलीकडून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यातला एक नर्सला विचारून आत आला.

आता नोकरीबद्दल. शिकलेल्या मुलींनासुद्धा कायद्यातलं 26 आठवड्यांच्या रजेचं कलम तेवढं माहीत असतं. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, त्यातली 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येते. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. गरोदरपणामुळे आजारपण आलं किंवा बाळ वेळेआधी झालं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. माझ्या कंपनीत ही गोष्ट मला कोणी आपणहून सांगितली नाही. मी कलमाचा उल्लेख करून मेल लिहिला, तेव्हा आठ दिवसांत मंजूर झाली. गरोदरपणाच्या रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवलेल्या आहेत. बापांसाठी मात्र खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही. केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस मिळतात. माझ्या नवऱ्याने साठवलेली सगळी रजा वापरली. ज्याच्याकडे साठवलेली रजा नाही, रोजंदारी आहे, त्याने बाळाला छातीशी कधी घ्यायचं? आपल्या संघटनांनी ज्या मागण्या उचलायच्या त्यात पितृत्व रजेची मागणीही असायला हवी.

माझ्याकडे विमा होता, गाडी होती. सगळ्यांकडे नसते, आणि नसली तरी दारं बंद नाहीत. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते आणि धोक्याची गरोदरपणं तिथेच वेगळी काढली जातात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. आपल्या मोहल्ल्यात आशाताई येतात तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवू नका. बसवा, चहा द्या, घरात कोण गरोदर आहे ते सांगा.

आणि बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असं समजू नका. हा आजार प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंतही डोकं वर काढू शकतो. नेमके हेच आपले चाळीस दिवस असतात. बाई खोलीत, कान बांधलेले, आणि डोकं दुखलं तर "हवा लागली" म्हणून बाम चोळायचा. चाळीस दिवस विश्रांती जरूर द्या, पण खोलीत रक्तदाबाचं यंत्रही ठेवा. हजार-दोन हजारांत मिळतं. अकीक्याच्या जेवणात एक पदार्थ कमी केला तरी त्याचे पैसे निघतील.

तरुण मित्रांनो, आणि मुलींनो, तुमचं लग्न झालेलं असो वा ठरत असो, एक काम या आठवड्यात करा. आपल्या अम्मीजवळ, नानीजवळ, आपाजवळ बसा आणि विचारा. बाळंतपणात काय झालं होतं? बीपी, साखर, झटके, जास्त रक्तस्राव, वेळेआधी झालेलं किंवा गेलेलं मूल? भाऊ असाल तर तुम्हीही विचारा, ते फक्त बहिणीचं काम नाही. सुरुवातीला त्या टाळतील. दुसऱ्यांदा विचारा. जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा आणि घरातली कोणीही गरोदर राहिली की पहिल्या तपासणीला तो कागद सोबत न्या. माझी मुलगी मोठी होईल तेव्हा तिच्या फाइलमध्ये हा कागद असेल, तिच्या नानीच्या नावाने सुरू होणारा.